वाचकांचे प्रश्न: ॲक्शन थ्रिलर नाशकात करायचा आहे

गेल्या अंकात चित्रपटनिर्मितीविषयी प्रश्न मागवले होते. नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत ॲक्शन थ्रिलर करू पाहणाऱ्यांची पत्रं सर्वांत जास्त निघाली. सारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र दिली आहेत.

माझ्याकडे दोन पानांची कथा आहे. मुंबईच्या एका निर्मात्याला ऐकवायची आहे. त्याने ती उचलली तर मी काय करू? (सिडको)

दोन पानं घेऊन जाऊ नका. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हेच स्पष्ट केलं. ‘नोटांचा ट्रक पळवला जातो’ एवढ्यावर तुम्हाला हक्क सांगता येणार नाही. तो कसा पळवला जातो, कोण पळवतं, कुठे फसतं, हे प्रसंगवार लिहिलेलं असेल तर सांगता येईल. म्हणून आधी पटकथा लिहा. निदान वीस-पंचवीस पानांचा प्रसंगवार आराखडा तरी हवा. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन त्याची नोंदणी करा. मजकूर अमुक तारखेला तुमच्याकडे होता, याचा तो पुरावा असतो. निर्मात्याला ऐकवलं की त्याच दिवशी ‘आज आपण अमुक कथा ऐकलीत’ असा ईमेल पाठवा.

करार होईल तेव्हा मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरतं धरलं जातं. हक्क घेऊन निर्माता वर्षभर काहीच करत नसेल तर, करारात वेगळं काही नसल्यास, ते हस्तांतरण संपतं. बहुतेक निर्माते करारात नेमकं हेच ‘वेगळं’ घालतात. ते कलम शोधून वाचा आणि जास्तीत जास्त तीन वर्षांची मर्यादा तरी मागा.

पटकथा 110 पानांची आहे. मारामारी आणि पाठलाग मिळून जेमतेम आठ पानं. म्हणजे ॲक्शनचा खर्च थोडाच धरायचा ना? (पंचवटी)

उलट आहे. बजेट इथेच कोसळतं. ‘गोदामात सहा जण त्याच्यावर तुटून पडतात. तो सगळ्यांना लोळवतो.’ कागदावर या दोन ओळी. पडद्यावर मात्र दोन मिनिटं, आणि मारामारीत एक शॉट सरासरी पावणेदोन सेकंद टिकतो असं धरलं तर सुमारे सत्तर शॉट. संवादाच्या दिवशी चार-पाच पानं उरकणारं युनिट हाणामारीत दिवसाला वीस-पंचवीस शॉटच्या पुढे सहसा जात नाही. या दोन ओळी म्हणजे तीन दिवस झाले.

त्यामुळे पानं मोजू नका, शॉट मोजा. दिग्दर्शक, छायालेखक आणि फाइट मास्टर यांनी लोकेशनवर एकत्र बसून प्रत्येक ॲक्शन प्रसंगाची शॉटवार यादी करायची. फायटर मुलं घेऊन तीच मारामारी रिकाम्या हॉलमध्ये मोबाइलवर शूट करायची आणि एडिटरकडून जोडून घ्यायची. दोन दिवसांचं काम आहे, पण त्यातून कोणते पंधरा शॉट लागणारच नाहीत ते कळतं. सेटवर अर्धा दिवस वाचला तरी हा खर्च निघतो.

मग यादी: फाइट मास्टर आणि त्याचे सहायक, सहा ते आठ फायटर, नायकाचा डुप्लिकेट, क्रॅश मॅट (पडायच्या जाड गाद्या), रिकामे पुठ्ठ्याचे खोके, हलक्या लाकडाचं आधीच चिरून ठेवलेलं फर्निचर, फुटणाऱ्या बाटल्या, सेटवर उभी रुग्णवाहिका. नवखे हमखास विसरतात ते कपडे. नायकाने त्या प्रसंगात घातलेला शर्ट एक नाही, सहा लागतात: एक स्वच्छ, एक धुळीचा, एक बाही फाटलेला, एक रक्ताचा, आणि डुप्लिकेटच्या मापाचे दोन, आत पॅडिंग मावेल असे किंचित ढगळ. सहाही एकाच कापडाचे हवेत आणि एकत्र धुतलेले हवेत. नाहीतर रंग शॉटगणिक बदलतो.

साखरेच्या काचेच्या बाटल्या घेणार असाल तर त्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, मऊ पडतात आणि फुटायच्या ऐवजी वाकतात. रेझिनच्या महाग पडतात, पण उन्हात टिकतात. एकूण बजेटच्या निदान 10 टक्के रक्कम अडीअडचणीसाठी बाजूला हवी. ॲक्शनपट असेल तर आम्ही 15 म्हणू.

कॅमेरा, लाइट्स मुंबईहून येणार असतील तर भाडं गोदामातून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत लागतं. कसारा घाट चढून येण्या-जाण्याचे दिवसही मोजा. मध्ये सुट्टी देऊन सामान परत पाठवण्यापेक्षा नाशिकचे सगळे दिवस सलग लावलेले परवडतात.

नायक आणि गुंड द्राक्षबागेत पळतात असा प्रसंग आहे. बाग घरचीच आहे. अडचण येणार नाही ना? (निफाड)

बाग घरची असली तरी महिना बघून निवडा. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर वेली उघड्या दिसतात, डिसेंबर-जानेवारीत पानं दाट होतात पण घड लागलेले असतात. घडावर धूळ बसली, मणी घासले गेले की निर्यातीचा माल देशी बाजारात जातो. हे तुमच्या वडिलांना आम्ही सांगायला नको. आमच्या मते योग्य वेळ म्हणजे काढणी झाल्यानंतर आणि एप्रिलच्या खरड छाटणीआधी. तेव्हा पानं असतात, माल नसतो. पण पान पिवळं पडत जातं, म्हणून सगळे शॉट सलग तीन-चार दिवसांत संपवा. पंधरा दिवसांनी ‘एक शॉट राहिला’ म्हणून गेलात तर रंग जुळणार नाही, आणि छाटणी झाली असेल तर बागच जुळणार नाही.

दुसरी गोष्ट जिवावरची आहे. मांडवाच्या आणि वाय पद्धतीच्या बागेत तारा ताणलेल्या असतात, काही थेट छातीच्या आणि गळ्याच्या उंचीवर. रोज बागेत वावरणारा माणूस नकळत वाकतो, मुंबईहून आलेला फायटर वाकत नाही. ज्या ओळींतून पळायचं त्या आधीच ठरवा, तिथल्या आडव्या तारांवर रंगीत फिती बांधून तालीम घ्या आणि फिती फक्त शॉटपुरत्या काढा. लोखंडी अँगलना फोम गुंडाळून वर तपकिरी कापड लावा. ठिबकच्या नळ्या पायात येतात, त्या ओळीपुरत्या गुंडाळून ठेवा. आदल्या दोन दिवसांत पाणी देऊ नका, काळी माती बुटाला धरली की पळणं आणि कंटिन्युइटी (एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ) दोन्ही बिघडतात. फवारणीनंतर लगेच माणसं आत सोडू नका.

मांडवाखाली भर दुपारीही सावली आणि उन्हाचे कवडसे असतात. पळणाऱ्या चेहऱ्यावर ते सतत चमकतात आणि एक्स्पोजर सांभाळता येत नाही. सकाळी साडेसात ते दहा आणि दुपारी साडेतीननंतर काम करा. नकली रक्त ग्लुकोजच्या पाकाचं असेल तर मुंग्या आणि माश्या येतात, पुसायला ओले फडके जवळ ठेवा.

गावातल्या तीनशे लोकांकडून प्रत्येकी पन्नास हजार घेऊन दीड कोटी उभे करायचे आहेत. दोन वर्षांत दीडपट देऊ असं लिहून द्यायला तयार आहोत. (पिंपळगाव बसवंत)

कृपा करून हे करू नका. परतीची हमी देऊन जनतेकडून पैसे घेणं ही कायद्याच्या नजरेत ठेव ठरू शकते. अनियमित ठेव योजनांवर बंदी घालणारा 2019 चा केंद्रीय कायदा आणि ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदा, दोन्हींत तुरुंगवासाची तरतूद आहे. चित्रपट पडला तर तीनशे घरं दारात उभी राहतील, ते आणखी वेगळंच.

कंपनी काढून शेअर द्यायचे म्हटलं तरी प्रायव्हेट कंपनीला खासगीरीत्या आर्थिक वर्षात 200 पेक्षा जास्त जणांना ते देऊ करता येत नाहीत आणि त्याची जाहिरात करता येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मजकूरही जाहिरातच धरला जाऊ शकतो.

व्यवहारात चालणारा रस्ता असा: चित्रपटापुरती एक एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट कंपनी, त्यात पैसे बुडाले तरी घर चालू राहील असे आठ-दहा भागीदार, सगळा पैसा बँकेतून. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम कर्ज म्हणून रोखीने घेता येत नाही. चित्रपटाचं स्वतंत्र खातं उघडा, त्यावर दोन सह्या ठेवा. करारात वसुलीचा क्रम लिहा: आधी वितरकाचं कमिशन आणि प्रसिद्धीचा खर्च, मग गुंतवणूकदारांचं मुद्दल, मग नफ्याची वाटणी. ‘पैसे परत मिळतीलच असं नाही’ हे वाक्य मराठीत, ठळक अक्षरांत, सहीच्या वर असू द्या. ते वाचून जो मागे सरतो तो भागीदार नव्हताच.

आणखी एक. पूर्ण रक्कम हातात आल्याशिवाय शूटिंग सुरू करू नका. शूटिंगपुरते पैसे आहेत, पुढचं पुढे बघू, या भरवशावर सुरू झालेले चित्रपट हार्ड डिस्कमध्ये पडून राहतात. एडिटिंग, व्हीएफएक्स (संगणकावर तयार केलेली दृश्यं), रंगसंस्कार, ध्वनी यांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा आणि शूटिंग कितीही अडलं तरी त्याला हात लावू नका. राज्य सरकारचं मराठी चित्रपटांसाठीचं अनुदान तयार चित्रपट पाहून, दर्जा ठरवून मिळतं. शूटिंगच्या भांडवलात ते धरू नये.

दीडशे रुपयांच्या तिकिटातले निर्मात्याला किती मिळतात? (कॉलेज रोड)

शंभर रुपयांवरच्या तिकिटाला 18 टक्के जीएसटी आहे (शंभरपर्यंत 5 टक्के). दीडशेतून तो वजा केला की साधारण 127 उरतात. मल्टिप्लेक्समध्ये वितरकाचा (म्हणजे निर्मात्याच्या बाजूचा) वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि पुढे 30, असा रूढ हिशेब आहे. म्हणजे पहिल्या आठवड्यात साडेत्रेसष्ट रुपये. त्यातून वितरकाचं कमिशन 10 टक्के धरलं तर हातात सुमारे 57. निर्मिती तीन कोटी आणि प्रसिद्धी एक कोटी असेल तर नुसतं मुद्दल सुटायला जवळपास सात लाख तिकिटं विकली जायला हवीत, तीही पहिल्याच आठवड्याच्या दराने. डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क यात धरलेलं नाही. हा हिशेब आधी करा, मग नायकाची गाडी कितीची घ्यायची ते ठरवा.

रामकुंडापासून पाठलाग आणि वरून ड्रोन शॉट हवे आहेत. नकली पिस्तुलं आहेत. परवानगी कुणाकडे मागायची? (देवळाली कॅम्प)

शहरात महापालिका आणि पोलीस आयुक्तालय, वाहतूक शाखेसह. शहराबाहेर नाशिक ग्रामीण पोलीस. कसारा घाटात जिल्हाही बदलतो, आणि तो रस्ता शूटिंगसाठी बंद होईल ही आशा धरू नका. राज्याच्या फिल्म सेलच्या एक खिडकी योजनेतून अर्ज करता येतो, तरी स्थानिक पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन भेटा. रामकुंडाच्या घाटावर सध्या 2027 च्या सिंहस्थाची कामं आहेत, रेकीला (जागेच्या पाहणीला) दिसलेलं दृश्य महिन्याभरात बदललेलं असेल. आम्ही तर पाठलाग घाटावर सुरू करून पंचवटीच्या गल्ल्यांत पहाटे संपवू.

ड्रोनसाठी तुमच्या भागात फार सावध राहा. देवळालीची लष्करी हद्द, ओझरचा विमानतळ, नाशिकरोडचे नोटांचे आणि मुद्रांकांचे छापखाने, सगळं जवळ आहे. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनविषयक संकेतस्थळाच्या नकाशावर जागा तपासा. ग्रीन झोनमध्ये (नकाशावरच्या हिरव्या भागात) 400 फुटांपर्यंत उडवता येतो, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत. पैसे घेऊन शूट करणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि ड्रोनचा नोंदणी क्रमांक हवा. नकाशावर लाल दिसलं की शॉट बदला.

पिस्तुलं डमी असली तरी पोलीस ठाण्याला तारीख, वेळ आणि संख्या लेखी कळवा, नाहीतर कोणीतरी 112 ला फोन करतं आणि दिवस जातो. डमीचा ताबा एकाच माणसाकडे, मोजून द्यायची, मोजून घ्यायची. ब्लँक (शिसं नसलेल्या, नुसत्या दारूच्या) गोळीतूनही वायू आणि बुचाचे तुकडे वेगाने बाहेर पडतात, जवळून ती जीव घेऊ शकते. नळीतली आग आता व्हीएफएक्समध्ये सहज घालता येते, मग सेटवर ब्लँक आणायचंच कशाला?

जुनी गाडी उलटवायची आहे. गॅरेज आमचंच आहे. (सातपूर)

गॅरेज आहे म्हणून गाडीची तयारी तुम्ही करा, उलटवणं मात्र अनुभवी स्टंट पथकाकडेच द्या. तीन एकसारख्या गाड्या लागतात: जवळच्या शॉटसाठी धड असलेली, पळवायची आणि उलटवायची. तिसरीत आत रोल केज (पाइपांचा सांगाडा) वेल्ड करा, पाच पट्ट्यांचा हार्नेस लावा, मूळ टाकी काढून दोन-तीन लिटरची छोटी टाकी बसवा, बॅटरीला बाहेरून बंद करता येणारा स्विच द्या, एअरबॅग काढून टाका. दारांची कुलपं उलटताना उघडतात, म्हणून दारं पक्की करा, पण खिडकीतून माणूस निघेल एवढी जागा ठेवा. पाठलागाच्या गाडीचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) चालू राहिलं तर ती घसरत वळत नाही आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर मागची चाकं धरता येत नाहीत. म्हणून जुनं, वायर ओढणाऱ्या हँडब्रेकचं मॉडेल बघा. टेक एकच मिळणार, म्हणून निदान चार कॅमेरे लावा आणि एकही माणूस गाडीच्या सरळ रेषेत उभा करू नका.

हिंसा जास्त आहे. प्रमाणपत्र अडेल का? (ओझर)

2023 च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायचे चित्रपट) या प्रमाणपत्रात 7, 13 आणि 16 वर्षं असे टप्पे आले आहेत. ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) मिळालं तर कुटुंबं येत नाहीत आणि टीव्हीवर दाखवण्याचे हक्क विकायला अडचण येते. म्हणून कोणतं प्रमाणपत्र हवं ते पटकथेवेळीच ठरवा आणि प्रत्येक रक्तरंजित शॉटला एक सौम्य पर्याय त्याच दिवशी घेऊन ठेवा: सुरा लागण्याऐवजी समोरच्याचा चेहरा, जखमेऐवजी भिंतीवरची सावली. प्रसंगात घोडा, बैल, अगदी कुत्रा असला तरी प्राणी कल्याण मंडळाची शूटिंगपूर्व परवानगी लागते, ती नंतर मिळत नाही. प्रदर्शनाची तारीख जाहीर करण्याआधी प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. सुचवलेले बदल करून, ध्वनी पुन्हा मिक्स करून, नवी डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल प्रत) काढायला निदान आठवडा हाताशी हवा.