टॅगलाइनमधून 'संवाद' हा शब्द आधी काढा

तुमची संवाद-सल्लागार फर्म दोन कामं करते: अडचणीच्या वेळी कंपन्यांची निवेदनं लिहून देणं आणि वरिष्ठांना पत्रकारांसमोर बोलायला तयार करणं. त्यासाठी 'संवादातून यशाकडे', 'शब्दांची ताकद' आणि 'तुमचा आवाज, आमचा अनुभव' यांपैकी कोणती ओळ टॅगलाइन म्हणून घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते तिन्ही बाजूला ठेवा. प्रत्येक ओळीआधी दुसऱ्या एखाद्या सल्लागाराचं नाव लावून वाचा. तितकीच चपखल बसते ना? मग ती तुमची नाही. आणखी एक कसोटी उलट अर्थाची: 'शब्दांना ताकद नसते' असं कोणीच म्हणणार नसेल, तर 'शब्दांची ताकद' म्हणून तुम्ही काहीच सांगितलेलं नसतं.

आधी एक गोष्ट वेगळी करा. फर्म काय करते हे सांगणारी ओळ म्हणजे परिचय-ओळ, उदाहरणार्थ 'संकटकाळातील संवाद आणि माध्यम-प्रशिक्षण'. ती नावाखाली साध्या शब्दांत असावीच, विशेषतः फर्मचं नाव आडनावावरून असेल तर. हे काम परिचय-ओळीकडे गेलं की टॅगलाइनला सेवा समजावत बसावं लागत नाही. दोन्ही कामं एकाच ओळीवर लादली की 'संवादातून यशाकडे' यासारखं काहीतरी तयार होतं.

कच्चा माल क्लायंटकडून आणा. सहा ते आठ जुन्या क्लायंटना फोन करा आणि एवढंच विचारा: 'आम्हाला बोलावलंत त्याच्या आदल्या आठवड्यात काय चाललं होतं?' उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, सुधारू नका. 'सगळे आपापलं वेगळंच सांगत होते', 'गप्प बसावं की बोलावं तेच कळेना' अशी वाक्यं हाती येतील. टॅगलाइन अशाच वाक्यांच्या आसपास असते. 'आमच्या सेवेत तुम्हाला काय आवडलं?' हे विचारू नका. त्यावर फक्त कौतुक मिळतं.

मग एक रोखठोक वाक्य लिहा: कोणासाठी, कोणत्या प्रसंगी, आपण नेमकं काय बदलतो. ते छापायचं नाही, पण ते जमेपर्यंत पुढे जाऊ नका. त्यानंतर साठ-सत्तर ओळी लिहून काढा. पहिल्या वीसेक बहुधा घासून गुळगुळीत झालेल्या निघतील. त्या डोक्यातून बाहेर पडाव्यात म्हणूनच संख्या मोठी ठेवायची. काही ओळी प्रसंगावरून लिहा ('माइकसमोर जाण्याआधी'), काही वचनाच्या ('कठीण बातमी, नेमके शब्द'), काही आग्रहाच्या ('आधी खरं, मग लवकर'). तुमच्या कामाला मला पहिली सर्वांत जवळची वाटते, कारण क्लायंट नेमका त्याच क्षणी तुम्हाला शोधत असतो. तिसरी धाडसी आहे. घाईने अर्धवट निवेदन काढायला तुम्ही खरोखर नकार देत असाल, तरच ती वापरा.

वचनाला आचरणाचा आधार लागतो. एव्हिस या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीने १९६२ मध्ये 'वुई ट्राय हार्डर' (आम्ही जास्त मेहनत घेतो) ही ओळ घेतली, तेव्हा ती हर्ट्झच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर होती आणि जाहिरातीत तसं उघड सांगत होती. जास्त मेहनत का घेतो याचं कारण त्यातच होतं. ही ओळ २०१२ पर्यंत टिकली. याउलट 'तुमची प्रतिष्ठा सुरक्षित' हे वचन कोणताही सल्लागार पाळू शकत नाही, कारण बातमी काय छापून येईल ते त्याच्या हातात नसतं. कोट्याही टाळा. संकटात सापडलेल्या माणसाला शाब्दिक खेळ बघून तुम्ही त्याचा प्रश्न हलका घेताय असं वाटतं.

लांबी दोन ते पाच शब्द. मराठीत वजन बहुतेक वेळा शेवटच्या शब्दावर पडतं, म्हणून महत्त्वाचा शब्द शेवटी येतोय का ते पाहा. ओळ फोनवर मोठ्याने म्हणा. ऐकणाऱ्याने 'काय म्हणालात?' असं विचारलं तर ती बदला. व्हिजिटिंग कार्डच्या मापात छापूनही बघा, कारण बारीक अक्षरांत जोडाक्षरं, रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात. इंग्रजीतही टॅगलाइन हवी असेल तर ती त्याच रोखठोक वाक्यावरून स्वतंत्र लिहा.

दोन-तीन ओळी उरल्या की संभाव्य क्लायंटसारख्या पाच जणांना नाव, परिचय-ओळ आणि टॅगलाइन पाच सेकंद दाखवून कागद काढून घ्या. 'हे लोक काय करतात आणि त्यांना कधी बोलवाल?' असं विचारा. 'आवडली का?' विचारलंत की प्रत्येक जण एक शब्द सुचवतो आणि ओळीची धार जाते. भागीदारांतही अंतिम निर्णय एकाकडेच ठेवा.

शेवटी ती ओळ कोणी आधीच ट्रेडमार्क म्हणून नोंदवली आहे का, ते शोधून बघा. नीस वर्गीकरणात, म्हणजे ट्रेडमार्कसाठी वस्तू आणि सेवांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत, जनसंपर्क आणि व्यवसाय-सल्ला वर्ग ३५ मध्ये येतो, तर प्रशिक्षण वर्ग ४१ मध्ये; तुम्ही दोन्ही करता, म्हणून दोन्ही तपासा. निव्वळ वर्णनाच्या किंवा स्तुतीच्या ओळींची नोंदणी होणं अवघड असतं. एकही ओळ या सगळ्यातून पार पडली नाही, तर तूर्त फक्त परिचय-ओळ वापरा आणि पुढच्या काही कामांत क्लायंट काय बोलतात ते टिपत राहा.