हद्दीवरची घरं कोणाची?

प्रश्न : ताई, मी कळव्यात शिक्षिका आहे. जनगणनेच्या प्रगणकाचा आदेश हातात पडलाय. माझ्या गटात, म्हणजे मला मोजायला दिलेल्या भागात, दोन सोसायट्या आणि त्यांच्या मागची पारसिक डोंगराच्या पायथ्याची चाळवस्ती आहे. नकाशात हद्द म्हणून नाला दाखवलाय. परवा संध्याकाळी बघायला गेले, तर नाल्यावर स्लॅब आणि स्लॅबवर घरं! ती माझ्यात धरायची की शेजारच्या गटात? प्रशिक्षणात सगळा वेळ ॲपवर गेला, हे विचारायचं राहूनच गेलं.
— एक शिक्षिका, कळवा

उत्तर : हा प्रश्न तुम्हाला आत्ताच पडला, याचं मला फार बरं वाटलं. बहुतेकांना तो पडतो तेव्हा घरयादी, म्हणजे माणसं मोजण्याआधीची घरांची नोंद, संपलेली असते.

२०११ ला मी पर्यवेक्षक होते. माझ्या हाताखाली सहा प्रगणक, सगळे कष्टाळू. ९ ते २८ फेब्रुवारी गणना झाली, मग १ ते ५ मार्च फेरतपासणीची फेरी. त्या फेरीत मी नळावर उभ्या बायकांना सहज विचारत होते, कुणाकडे बाळंतपण, कुणाकडे मयत झाली का. एक बाई म्हणाली, ‘आमच्याकडे कुणी आलंच नाही हो.’ बघते तर एका बोळातली अकरा घरं सुटलेली. या बाजूच्या प्रगणकाला वाटलं बोळ पलीकडच्याचा, पलीकडच्याला वाटलं इकडचा. दोघेही प्रामाणिक होते. चूक माझी, दोघांना एकदाही त्या बोळाच्या तोंडाशी एकत्र उभं केलं नव्हतं. ती घरं आम्ही पाच तारखेच्या आत मोजली आणि रात्री बसून दोन्ही गोषवारे पुन्हा जुळवले. त्या बाईने सांगितलं नसतं तर?

म्हणून तुम्ही एकट्याने काही ठरवू नका. शेजारच्या गटाचे प्रगणक आणि तुमचे पर्यवेक्षक, तिघे मिळून त्या स्लॅबवर जा. कुठलं दार कुठल्या गल्लीत उघडतं ते बघा. पर्यवेक्षक ठरवतील ते दोघांच्याही नजरी नकाशावर (गटाच्या ढोबळ नकाशावर) तिथेच उभ्याने लिहून घ्या. हद्दीची खूण म्हणून नुसता ‘नाला’ लिहू नका, तो आता दिसतच नाही. पिठाची गिरणी, विजेची मीटरपेटी, मंदिर, असं काही डोळ्यांना दिसणारं लिहा. आत्ता यादीतून सुटलेलं घर फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसं मोजतानाही सुटण्याची भीती असते, कारण त्या वेळचा प्रगणक हीच यादी हातात धरून फिरतो.

२०११ नंतरच्या नमुना पाहणीत देशभरात दर हजारी २३ माणसं गणनेतून सुटल्याचं निघालं. पालघर वेगळा व्हायच्या आधीचा आपला ठाणे जिल्हा तेव्हा देशात सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा होता, १ कोटी १० लाखांहून जास्त. आपला दर वेगळा असेल, पण हाच धरला तर अडीच लाख माणसं होतात! यांच्यासाठी रेशन, शाळेच्या तुकड्या, पाणी कोणत्या आकड्यावर ठरवायचं?

चाळीत आणखी एक जागा बघाच : पोटमाळा. खाली घरमालक, वर भाडेकरू, शिडी बाहेरून. ‘किती जण राहता?’ असं विचारलं की खालचेच सांगतात. ‘स्वयंपाक एकत्र होतो का?’ असं विचारा. चूल वेगळी तर कुटुंब वेगळं. भाड्याचं कुठे कळेल म्हणून बाई बिचकते. तिला शांतपणे सांगा, १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ही माहिती कुणाला बघायला मिळत नाही आणि तिच्याविरुद्ध पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. हे तोंडपाठ ठेवा. आणि वस्तीत पाण्याच्या वेळेला जा, सगळ्या बायका घरीच भेटतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीत बरेच सभासद ऑनलाइन स्वगणना करणार आहेत. काही फ्लॅट बंदच असतात. मग प्रगणकाला आमच्या रजिस्टरवरून यादी दिली तर चालेल ना?
— एक सचिव, घोडबंदर रोड

उत्तर : नाही चालणार. स्वगणनेची मुदत घरयादीच्या आधीचे १५ दिवस आहे. ती केली की एक क्रमांक मिळतो, तो घरी आलेल्या प्रगणकाला द्यायचा असतो, म्हणजे प्रगणक येणारच. आणि बंद फ्लॅटचीही नोंद होते, रिकामं घर हेही घरच धरतात. वॉचमनला आजच सांगून ठेवा : ओळखपत्र बघायचं, लिफ्टने वरच्या मजल्यावर न्यायचं आणि प्रत्येक दारापर्यंत जाऊ द्यायचं. भाडेकरू बदलतात आणि रजिस्टरवर जुनीच नावं राहतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.