घरच्यासाठी हाताने फिरवायचा स्वस्त कॉफी ग्राइंडर घ्यायचाय. नेमकं काय बघून घेऊ?

तुम्ही लिहिलंय की रोज एक-दोन कप, एरवी कागदी फिल्टरमधून आणि सुट्टीच्या दिवशी फ्रेंच प्रेसमध्ये, आणि विजेवरचा चांगला ग्राइंडर सध्या झेपणार नाही. मग हाताचाच घ्या. तेवढ्याच पैशांत मोटरवाला घ्यायला गेलात तर बहुधा आत पातं गरगर फिरणारा मिळेल. तो बिया दळत नाही, तुकडे उडवतो. थोडं पीठ, थोडे खडे. पिठातून कडवटपणा उतरतो, खड्यांतून आंबट कच्चेपणा, आणि दोन्ही एकाच कपात येतात. हाताच्या ग्राइंडरमध्ये मोटर म्हणजे तुमचाच हात, त्यामुळे सगळा पैसा दळणाऱ्या भागावर लागू शकतो. लागतोच असं मात्र नाही, आणि तिथेच मी फसलो.

माझा पहिला ग्राइंडर दिसायला देखणा होता. सिरॅमिकचे बर, म्हणजे बिया दळणारे दातेरी भाग (आत शंकू, त्याभोवती कडं), आणि खाली काचेची बरणी. बारीक दळण ठीकठाक यायचं. पण फ्रेंच प्रेससाठी भरड हवी म्हणून सैल केला की आतला शंकू डुगडुगायला लागायचा. जात्याची खीळ ढिली झाली की पीठ कुठे बारीक, कुठे जाड पडतं ना, अगदी तसं. बरणीत वर रवा, खाली पीठ. मी वर्षभर बियांना दोष देत राहिलो, भाजणाऱ्यालाही दिला. एक दिवस सगळं सुटं केलं तेव्हा कळलं, मधला दांडा एकाच प्लास्टिकच्या कड्यात अडकवलेला होता. खालच्या बाजूने त्याला आधारच नव्हता.

म्हणून माझ्या मते पहिली गोष्ट ही बघा: दांडा वर आणि खाली अशा दोन ठिकाणी बेअरिंगमध्ये बसवलेला आहे का. वर्णनात लिहिलेलं नसेल तर ग्राइंडर हातात आल्यावर पाच मिनिटांत तपासता येतं. खालचं भांडं काढा, बर मधल्या सेटिंगला आणा, आतला शंकू दोन बोटांत धरून आडवा हलवा. लक्षात येण्याइतका हलला तर परत पाठवा. मग रिकामाच हळूहळू फिरवा आणि शंकूभोवतीची फट बघा. ती सगळीकडून सारखी दिसली पाहिजे.

दुसरी गोष्ट बर. सिरॅमिक मुळात वाईट नाही, गंजत नाही आणि झिजतही फार सावकाश. पण स्वस्त ग्राइंडरमधल्या सिरॅमिकच्या कडा बहुतेक बोथट असतात. बी कापण्याऐवजी चिरडली जाते आणि हात दुखतो. बियांत चुकून खडा आला तर तुकडाही उडतो. स्टीलचे धारदार शंकूच्या आकाराचे बर घ्या, ३८ मिमीचे पुरतात. हलक्या भाजलेल्या बिया कडक असतात. जुन्या ग्राइंडरवर त्या १८ ग्रॅम दळायला मला तीन-चार मिनिटं लागायची, आता मिनिटभरात काम होतं. रोज सकाळी अर्धवट झोपेत हे करायचं असतं, तेव्हा हा फरक कळतो.

नावच हवं असेल तर टाइममोअरचा सी२ किंवा सी३ बघा. ३८ मिमीचे स्टीलचे बर आहेत आणि तुमच्या गरजेला भरपूर झाला. कमांडांटे सी४० उत्तमच, पण तुमच्या बजेटात तो म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

क्षमतेचा हिशेब आधी करून ठेवा. एका मोठ्या कपाला, म्हणजे २५० मिली पाण्याला, १५-१६ ग्रॅम कॉफी लागते. छोटे ग्राइंडर एका वेळी २०-२५ ग्रॅम घेतात. दोघांसाठी करायची तर दोनदा दळावं लागेल. त्यापेक्षा मोठा घ्यायचा असेल तर तो तुमच्या मुठीत मावतो का ते बघा. जाड ग्राइंडर घट्ट धरणं हेच अर्धं काम होऊन बसतं. खण असलेली लाकडी पेटी शोभेला छान, पण धरायची कुठे?

एस्प्रेसोसाठी मात्र स्वस्तातला घेऊ नका. तिथे एका क्लिकनेही, म्हणजे दळण बारीक-जाड करायची चकती एक खाच फिरवली तरी, चव बदलते आणि स्वस्त ग्राइंडरच्या दोन क्लिकमधली उडी फार मोठी असते. फिल्टरला ती चालून जाते.

भुकटी भांड्याला चिकटली तर चमच्याचा दांडा ओला करून दळण्याआधी बियांत फिरवा. थेंबभर पाणी पुरतं. दळताना तयार होणारी स्थिर वीज पाण्याने कमी होते, हे ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवूनही दिलंय. स्टीलचे बर मात्र धुवायचे नाहीत, कोरडा ब्रश पुरे. आणि त्यात मिरी-वेलची दळायचा मोह टाळा, वास महिनाभर जात नाही.

दुसऱ्यांचे क्लिकचे आकडे वेगळ्या मॉडेलला लागू पडत नाहीत. बर एकमेकांना टेकून दांडा अडेपर्यंत आवळा, तो शून्य धरा आणि तिथून मोजत सैल करा. फिल्टरसाठी जाडसर मिठाइतकं दळण येईल तिथे थांबा. कॉफी कडू लागली तर दोन क्लिक जाड, आंबट आणि पाणचट लागली तर दोन क्लिक बारीक.