प्रश्नोत्तरे : सुपरच्या रांगेत पुढचा कोण?

प्रश्न : पायथॉनमध्ये 'विक्री' आणि 'भाडे' हे दोन क्लास (ऑब्जेक्ट बनवायचे साचे) इनहेरिट करून, म्हणजे वारशाने घेऊन, 'दुकान' क्लास केला. दुकानच्या इनिटमधून (ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमधून) सुपरने पुढचं इनिट बोलावलं, तर विक्रीची किंमत भरली जाते, भाड्याची अनामत मात्र नाही. पुढे ती वाचायला गेलं की अ‍ॅट्रिब्यूट एरर येते. सुटे वापरले तर दोन्ही क्लास नीट चालतात.

उत्तर : चूक दुकानात नाही, विक्रीत आहे. सुपर म्हणजे पालक क्लास, असं धरून आपण फसतो. पायथॉनच्या लेखी सुपर म्हणजे रांगेतला पुढचा, आणि रांग ठरते ती ऑब्जेक्ट ज्या क्लासचा आहे त्यावरून. दुकानचा एमआरओ, म्हणजे हीच रांग, प्रिंट करून पाहा: दुकान, विक्री, भाडे आणि शेवटी सगळ्यांचा मूळ क्लास 'ऑब्जेक्ट'. (देवनागरी नावं पायथॉन ३ मध्ये जशीच्या तशी चालतात, बरं का.) विक्रीच्या इनिटमध्ये सुपरची ओळ नाही, म्हणून साखळी तिथेच तुटते. विक्रीला भाडे ठाऊकही नसतं, तरी पुढच्याला हाक मारायची ती तिनेच.

दोन्ही क्लासमध्ये ती ओळ घाला. प्रत्येकाने आपली आर्ग्युमेंट्स नावानिशी घ्यावीत आणि उरलेली दोन तारकांच्या क्वार्ग्जमधून (उरलेली नावानिशी आर्ग्युमेंट्स गोळा करणाऱ्या डिक्शनरीतून) पुढे सरकवावीत. रांगेच्या टोकाचा 'ऑब्जेक्ट' क्लास काहीच स्वीकारत नाही. त्यामुळे नाव लिहिताना चुकलात तर तिथे टाइप एरर येईल, आणि ती आलेली बरी.

दोघांची इनिट नाव घेऊन एकेक करून बोलावणं हा सोपा उपाय वाटतो. पण उद्या कुणी विक्रीत सुपर घातलं की भाड्याचं इनिट दोनदा चालेल. शिवाय दोघांना 'व्यवहार' असा सामाईक पूर्वज दिलात, तर दुकानच्या कंसात व्यवहार विक्रीच्या आधी लिहू नका. क्लास तयार होतानाच टाइप एरर येते, कारण २००३ च्या पायथॉन २.३ पासून लागू असलेल्या, रांग ठरवणाऱ्या सी-थ्री नियमात वारस पूर्वजाच्या पुढेच उभा राहतो.

प्रश्न : हीच रचना सी प्लस प्लसमध्ये केली. मधल्या दोन्ही क्लासच्या व्यवहाराकडून येणाऱ्या वारशाला व्हर्चुअल लावलं, तरी व्यवहाराला दिलेला क्रमांक शून्यच राहतो.

उत्तर : व्हर्चुअलमुळे व्यवहाराची एकच प्रत उरते आणि तिचा कन्स्ट्रक्टर (इनिटचाच सी प्लस प्लसमधला भाऊ) सगळ्यात खालचा क्लास, म्हणजे दुकान, बोलावतो. मधल्यांनी दिलेला क्रमांक मुकाट्याने सोडला जातो. तो दुकानच्या इनिशियलायझर लिस्टमध्ये (कन्स्ट्रक्टरच्या कंसानंतर कोलन देऊन लिहायच्या यादीत) लिहा. व्यवहाराचा डिफॉल्ट, म्हणजे काहीही न देता चालणारा, कन्स्ट्रक्टरही काढून टाका, म्हणजे पुन्हा विसरलात तर कंपायलरच अडवेल.