सिस्टर फोनवर विचारतात आणि मी खोटं सांगते

ताई,

माझ्या सासऱ्यांना, आण्णांना, चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. वय ७४. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. मिरजेत दवाखान्यात होते, आता घरी आहेत. माझ्या वन्सं परदेशात असतात. त्यांनी तिकडून पैसे भरून घरबसल्या नर्सिंगची सोय लावून दिली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सिस्टर व्हिडिओ कॉल करतात, मधे मेसेज केला तरी उत्तर देतात. बाई चांगल्या आहेत. पण कॉलवर वन्संही असतात.

सिस्टर विचारतात, दर दोन तासांनी कूस बदलता ना? मी हो म्हणते. दिवसा बदलते, पण रात्री अकराला पाठ टेकली की पहाटेच जाग येते. आमचे हे शेजारी घोरत असतात, त्यांना सकाळी दुकान उघडायचं असतं. पातळ काही द्यायचं नाही असं सांगितलंय, पण आण्णा डाव्या हाताने कपाकडे बोट करतात. मला बघवत नाही. मी चमच्याने चहा देते, कधी ठसका लागतो. वन्सं कॉलवर विचारतात, “आण्णा, मी कोण सांगा बघू?” ते रडायलाच लागतात. मग वन्सं मला म्हणतात, व्यायाम नीट करून घेतला असता तर एव्हाना चालले असते.

गेल्या रविवारी अंग पुसताना माकडहाडापाशी लालसर डाग दिसला. पावडर लावून चोळते आहे. कुणाला बोलले नाही. फोनवरून कुठे नर्सिंग होतं का? बंद करायला सांगू का?

— एक सून, विटा

सूनबाई,

आधी तो डाग. बाकीचं मागाहून.

हे वाचून झालं की सिस्टरांना मेसेज कर, शुक्रवारची वाट बघू नकोस. तोवर एवढं कर. डागावर बोट हलकेच दाबून उचल. दाबलेली जागा क्षणभर फिकी पडून पुन्हा लाल झाली, तर अजून रक्त खेळतंय आणि वरचा भार काढला की डाग जाऊ शकतो. दाबूनही तशीच लाल राहिली, तर ती बेडसोरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही. तिथे जागा काळपट-जांभळट दिसते का, आजूबाजूपेक्षा गरम लागते का, हाताला कडक किंवा लिबलिबीत लागते का, ते बघायचं.

पावडर चोळणं आजपासून बंद. पूर्वी वॉर्डात स्पिरिट आणि पावडर लावून पाठ रगडायचे, त्यामुळे घरोघरी तेच डोक्यात बसलंय. पण लाल झालेली जागा चोळली की आतलं नाजूक मांस आणखी दुखावतं. मधे भोक असलेली रबरी रिंग कुणी आणून दिली तर तीही नको. कडेने दाब बसतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं. आण्णांना पाठीवर, त्या जागेवर, झोपवू नकोस. पाठीमागे उशी लावून जरासं कलतं ठेव, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एक उशी पोटऱ्यांखाली, अशी की टाचा गादीला टेकणार नाहीत. टाचांनाही असाच डाग पडतो आणि पायमोजा घातलेला असला तर कित्येक दिवस कुणाला पत्ताच लागत नाही. आज मोजे काढून बघ.

फोटो दिवसाउजेडी खिडकीपाशी काढ, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेव, म्हणजे पुढच्या वेळी डाग वाढला की आटला ते कळेल. काढण्याआधी आण्णांना सांग. आणि फोटो फक्त सिस्टरांना पाठव. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका वृद्ध माणसाच्या पाठीचा फोटो टाकायचं काही कारण नाही. कातडी फुटली, फोड आला, काळं पडलं, वास यायला लागला किंवा ताप आला, तर मात्र फोन पुरे, डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवायचं.

आता त्या खोटं सांगण्याबद्दल. मी रागावणार नाही, रागावण्यासारखं त्यात काही नाही. नणंद समोर बसलेली असताना “मला रात्री जाग येत नाही” हे कुठली सून सांगेल? पण त्याने झालं काय ते बघ. फोनवरच्या सिस्टरांना आण्णांच्या अंगाला हात लावता येत नाही, खोलीतला वास येत नाही, चादरीला पडलेली सुरकुती दिसत नाही. तू सांगशील तेवढंच त्यांना कळतं. तू हो म्हणालीस, त्यांनी वहीत ‘ठीक’ लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. तू नाही म्हणाली असतीस, तर त्यांनी विचारलं असतं, गादी कुठली आहे? एअर बेड, म्हणजे हवेची गादी, आहे का? रात्री कोण कोण असतं? दोन तासांचा नियम काही दगडावरची रेघ नाही. गादी चांगली असेल आणि कातडी धड असेल, तर रात्रीचं अंतर बऱ्याचदा वाढवता येतं. म्हणजे जी सवलत तुला मिळण्यासारखी होती, ती तुझ्या त्या ‘हो’मुळे मागायचीच राहिली. आता डाग दिसल्यावर किती अंतर ठेवायचं ते सिस्टरच ठरवतील, मी नाही. पण रात्री निदान एकदा उठावं लागेलच असं धरून चाल.

आणि ते उठणं तुझं नाही. पत्रभर मी तुझ्या नवऱ्याला शोधत होते, तो एकदाच सापडला, तोही घोरताना. वडील त्याचे आहेत. तीनचा गजर त्याच्या उशाशी लाव. दुकान सकाळी उघडायचं असतं हे खरं, पण तुझं दुकान तर बंदच होत नाही.

तेव्हा सिस्टरांना असा मेसेज कर: “ताई, मंगळवारचा कॉल तुम्ही आणि मी दोघींनीच करू या. मला काही खरं सांगायचंय.” एवढं पुरे. घरोघरी डोकावणाऱ्या त्या बाईला यात नवल वाटणार नाही. शुक्रवारचा कॉल वन्संसाठी खुला राहू दे, त्यांचे वडील आहेत, त्यांनाही काळजी असणारच. पैसे त्या भरतात म्हणून प्रत्येक वाक्य त्यांच्या कानावर पडलंच पाहिजे असं मात्र नाही. आणि मंगळवारचा कॉल सुरू झाला की फोन हातात धरून बसू नकोस. कपाटाच्या फळीवर डबा लावून असा ठेव की पलंग उशीपासून पायथ्यापर्यंत दिसेल. मग नवऱ्याला म्हण, आण्णांना उठवून बसव. सिस्टरांना दोन मिनिटांत दिसेल की तो लुळा हात किंवा काख धरून वर ओढतोय. मी बघितलं नाही, पण पैज लावते, सगळे तसंच करतात. त्याने खांदा सांध्यातून उतरतो आणि मग महिनोन्‌महिने ठणकतो. खांद्याच्या पात्यामागून आणि कमरेला आधार देऊन कसं उठवायचं, चाकाची खुर्ची चांगल्या बाजूला कशी लावायची, ब्रेक आधी कसा घालायचा, हे बघून शिकायचं असतं आणि फोनवर ते छान शिकवता येतं. फोनवरून नर्सिंग होतं का म्हणतेस ना? शिकवणं, बघणं, वेळेवर सावध करणं एवढं होतं. लघवीची नळी बदलणं, जखम साफ करणं, छातीला नळी लावून ऐकणं नाही होत. औषधाची गोळी कमी-जास्त करणं हे तर सिस्टरांचं कामच नाही, ते डॉक्टरांचं.

चहा. यात मला कठोर व्हावं लागेल. तपासणी होईपर्यंत चहा बंद, पाणीही सांगितल्याशिवाय साधं नाही. पातळ पदार्थ घशातून भरकन उतरतो, लुळ्या पडलेल्या घशाला तेवढ्यात श्वासनळी झाकता येत नाही आणि दोन थेंब फुप्फुसात जातात. त्यातून न्यूमोनिया होतो. अर्धांगवायूच्या माणसाला झटक्यानंतर बिछान्यात गाठणारं हे मोठं संकट. ठसका लागला नाही म्हणजे सुटलो असंही नाही, काहींचं ठसका न लागताच आत जातं. पिऊन झाल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा येतो का, संध्याकाळी कणकण असते का, श्वास जोरात चालतो का, हे लक्षात ठेव आणि सिस्टरांना सांग.

पण ही बंदी जन्मभराची असेलच असं नाही. गिळणं पुष्कळ जणांचं पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतं. आण्णांना ‘पातळ नको’ सांगितलं ते चार महिन्यांपूर्वी, त्यानंतर कुणी तपासलं का? स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणं बघत नाहीत, गिळणंही तपासतात. मिरज-सांगलीला एक खेप करून दाखवून आण. कदाचित थिकनर पावडर घालून दाटसर चहा चालेल म्हणतील, कदाचित साधाही. तोवर गुरगुट्या भात, घट्ट खीर, जे आत्ता चाललंय तेच. ताठ बसवून, घाई न करता, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं न करता. तोंड दोन वेळा स्वच्छ करायला विसरू नकोस, गालात अडकलेलं शीत नंतर घशात जातं. आणि चहा का नाही ते आण्णांना नीट सांग. त्यांचं बोलणं गेलंय, समज गेलीय असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही. कपाकडे बोट करणारा माणूस कारणही ऐकून घेईल.

“मी कोण सांगा बघू” हे वन्संनी थांबवायला हवं. याला वाचाघात म्हणतात. मुलगी ओळखू येते, नाव ओठांवर येत नाही आणि सगळ्यांसमोर नापास झाल्यासारखं होतं. त्याऐवजी वन्संनी स्वतःच सांगावं, “आण्णा, मी बोलतेय”, आणि हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारावं, अंगठा वर, अंगठा खाली. रडणं मात्र नुसतं ‘मनाला लागलं’ म्हणून सोडून देऊ नका. मेंदूला इजा झाल्यावर रडू आवरत नाही असं होतं. शिवाय झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांना हे आपणहून सांग, ते विचारतीलच असं नाही.

राहिला व्यायामाचा टोमणा. वन्संना हे वाचायला दे. भारतातल्याच १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. अर्ध्या घरांत नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरच्या माणसाला व्यायाम शिकवले, दवाखान्यात आणि घरी येऊनही. सहा महिन्यांनी बघितलं तर दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबित्वाचं प्रमाण जवळपास सारखंच. व्यायाम फुकट असा त्याचा अर्थ नाही, व्यायाम हवाच. पण घरातल्या एका बाईला शिकवून ठेवलं की माणूस चालू लागतो, हे काही सिद्ध झालेलं नाही. फिजिओथेरपिस्ट प्रत्यक्ष यायला हवा. आण्णा चालत नाहीत, ते तुझ्या हातून काही राहिलं म्हणून, असं कुणीही म्हणू शकत नाही.

अचानक काही बिघडलं, म्हणजे तोंड आणखी वाकडं झालं, चांगला हात गळाला, शुद्ध हरपायला लागली, आकडी आली, श्वास अडला, तर सिस्टरांना फोन लावत बसू नकोस. सरळ १०८. शेवटचे ठीक कधी होते ती वेळ घड्याळात बघून लक्षात ठेव, दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो. आणि तुझं स्वतःचं मन अगदीच बसलं, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

सोय बंद करू नकोस. वन्संकडून आणखी एक मागून घे: आठवड्यातल्या तीन रात्रींसाठी नर्सिंग ब्युरोची बाई किंवा मामा, म्हणजे पुरुष मदतनीस. परदेशातून देता येण्यासारखी मदत ही आहे, सल्ला नव्हे. विचारताना सून म्हणून विनवणी करू नकोस, नवऱ्याला विचारायला लाव, भाऊ-बहिणीचं आहे ते. आणि जो कोणी येईल, त्याला पहिल्या संध्याकाळी सिस्टरांच्या कॉलवर आण्णांची कूस बदलून दाखवायला सांग. हात कुठे घालतो ते तिथेच कळेल.