वही सुटत का नाही?

"मालाच्या नोंदीचं सॉफ्टवेअर सुरू होऊन तीन महिने झाले, तरी लोक वहीतच लिहितात. मीच कमी पडतेय का?" एका कारखान्याच्या स्टोअर विभागाच्या प्रमुख हा प्रश्न घेऊन आल्या. वरून रोजचा तगादा, रात्रीची झोप उडालेली. राग मुख्यतः एका ज्येष्ठ स्टोअरकीपरवर होता. "त्यांना शिकायचंच नाही," हे मत पक्कं झालेलं.

हे मत आधी बाजूला ठेवावं लागतं, कारण ‘स्वभावच तसा’ म्हटलं की करण्यासारखं काही उरत नाही. या बदलात त्या माणसाचं नेमकं काय गेलं, असं विचारल्यावर हळूहळू चित्र दिसू लागलं. कुठलं बेअरिंग कुठल्या रॅकवर आहे, हे सगळे त्यांना विचारत. आता ते स्क्रीनवर दिसतं आणि काही अडलं की त्यांनाच नव्या मुलाला हाक मारावी लागते, तीही सगळ्यांसमोर. प्रशिक्षण एका दुपारी उरकलेलं, तेही प्रणाली सुरू होण्याच्या बरंच आधी. हात अजून बसलेला नाही आणि दिवसाला निपटायच्या मागणी-चिठ्ठ्या मात्र तेवढ्याच. अशा वेळी कुणीही वहीच उघडेल.

हे आजचं नाही. १९४८ साली लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच या संशोधकांनी अमेरिकेतल्या हारवूड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातला अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गटाला कामातला बदल नुसता कळवला, त्यातले १७ टक्के लोक पहिल्या ४० दिवसांत नोकरी सोडून गेले. ज्या गटांतल्या सगळ्यांना बदल आखताना सोबत घेतलं, तिथून कुणी गेलं नाही आणि उत्पादन आधीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वाढलं.

बाईंना एकच काम दिलं. स्टोअरकीपरच्या टेबलापाशी जाऊन अर्धा तास बसायचं आणि विचारायचं, "वहीत जमायचं आणि इथे जमत नाही, असं काय आहे?" प्रणालीची बाजू अजिबात मांडायची नाही. हे भल्याभल्यांना जड जातं.

वायर गुंडाळीने येते, पण दिली जाते मीटरने. सॉफ्टवेअरला फक्त गुंडाळी ठाऊक. रात्रपाळी चिठ्ठीशिवाय माल उचलते, त्यासाठी वहीत ‘उसना’ असा रकाना होता. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोयच नव्हती. त्यामुळे शिल्लक कधी जुळत नसे, आणि हिशेब द्यायची वेळ आली की त्यांना वहीचाच आधार. ज्याला आडमुठेपणा समजलं गेलं, त्यातली निम्मी तर रास्त तक्रार होती. असं फार वेळा निघतं, आणि ऐकून न घेतल्याने ते तसंच दडून राहतं.

आधी या दोन त्रुटी दुरुस्त झाल्या. चिठ्ठ्यांचं उद्दिष्ट चार आठवड्यांसाठी खाली आणून दर आठवड्याला थोडं वाढवलं. मालाची नावं आणि कोड ठरवायचं काम स्टोअरकीपरकडे सोपवलं. मग वही बंद करण्याची तारीख जाहीर केली. ही तारीख हवीच. दुहेरी नोंद मोकळी सोडली की ज्यावर विश्वास आहे तीच टिकते.

त्यांचा जुना मान मात्र तसाच्या तसा परत येणार नव्हता. तिथे फायद्यांची यादी वाचू नये. "हे गेलं, आणि वाईट वाटणं साहजिक आहे," एवढं स्पष्ट म्हणावं.

एक कर्मचारी अजूनही नोंद टाळतो. त्रुटी दूर झाल्या, वेळ दिला, शिकवून झालं; आता त्याला लेखी समज देणं योग्यच आहे, आणि त्यासाठी बाईंनी स्वतःला अपराधी मानायचं कारण नाही.