आजीचं सांगणं अन् कोशातला संदर्भ

प्रश्न : ताई नमस्कार, मी नागपूरच्या इतवारीत राहते. लोकच मिळून लिहितात असा एक ऑनलाइन ज्ञानकोश आहे, त्यात मी मारबतीवर, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पुतळ्यांची मिरवणूक निघते तिच्यावर, लेख लिहिला, चार रात्री जागून. बरीचशी माहिती आजीनं सांगितलेली अन् दोन परिच्छेद पेपरच्या पुरवणीतले. सकाळी पाहते तर कोणीतरी अर्धा लेख काढून टाकलेला, पानाच्या बदलांच्या इतिहासात नुसतं लिहून ठेवलं होतं 'संदर्भ नाही, प्रताधिकार'. मी परत टाकला, त्यानं परत काढला, तीनदा असंच झालं. त्या माणसाला मारबत काय माहीत जी? लिहू का सोडून देऊ?

उत्तर : सोडू नको गं. पण तोच मजकूर चौथ्यांदा टाकू पण नको, असं ओढून राहण्यात दोघांचाही दम जातो अन् लेख तिथल्या तिथेच राहतो. इंग्रजी विकिपीडियावर तर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचा बदल उलटवला की बंदी येऊ शकते.

पुरवणीतले परिच्छेद आधी विसर, प्रताधिकार म्हणजे कॉपीराइट, तो त्यांच्यासाठीच लिहिला. पेपरात छापलेलं जसंच्या तसं उचलता येत नाही, नाव दिलं तरी नाही, ते वाचून आपल्या शब्दांत लिहायचं अन् खाली पेपरचं नाव, तारीख टाकायची.

आता आजीचं. काळी मारबत भोसले घराण्यातल्या बाकाबाईच्या रागातून निघाली, तिनं इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून, असं माझ्याही घरी सांगत. पण शेजारच्या गल्लीत दुसरंच सांगतात, मग कोशानं कोणाची आजी खरी धरायची? म्हणून तिथे छापील आधार मागतात. तुझी आजी खोटी आहे असं कोणी म्हणून नाही राहिलं, वाचणाऱ्याला तपासता आलं पाहिजे एवढंच. अन् आधार सापडला तरी 'असं सांगितलं जातं' असंच लिहायचं. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासूनचा आहे, तिथे जाऊन विचार, १९०८ चं नागपूर जिल्हा गॅझेटिअरही चाळून पाहा, अन् पोळ्याच्या दिवसांतले जुने पेपर.

पण त्या काढणाऱ्याचंही मला पटलं नाही. चार रात्री जागलेल्या पोरीला दोन शब्दांत वाटेला लावणं बरोबर नाही, नवीन माणसाला चावू नका असा विकिपीडियावर संकेतच आहे. माहीत आहे, तिकडे काम करणारे मूठभर, पगार कोणालाच नाही, दिवसभर जाहिराती अन् शिवीगाळ पुसता पुसता हात कडक होतो. तरी एक ओळ जास्त लिहिली असती तर तू आज मला पत्र लिहिलं नसतं, संदर्भ शोधत बसली असती. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे अन् आपल्या भाषेत लिहिणारे अजूनही कमीच, त्यातली एक अशी परत गेली की मला खरंच वाईट वाटते.

तर चर्चा पानावर त्याला सरळ विचार, 'कोणत्या वाक्याला काय आधार हवा?' रागाचा शब्द नको. लेख आधी सराव पानावर लिही, मराठी विकिपीडियावर त्याला धूळपाटी म्हणतात, तिथे चुकलं तरी चालते. अन् तान्ह्या पोळ्याला स्वतः काढलेले फोटो असतील तर ते मुक्त परवान्यानं टाक, फक्त मग ते कोणीही वापरू शकते, अगदी धंद्यासाठीही, हे आधी समजून घे.

आजीचा आवाज मात्र आजच रेकॉर्ड करून ठेव. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ती कशी म्हणते तेही त्यात येऊ दे. लेखात नाही बसलं तरी ठेव.